कुहीहून छोट्या गाडीने

१ नोव्हेंबर १९१२. दिवाळी आठवड्यावर आली आहे आणि तुम्ही कुहीहून नागपूरला निघाला आहात. रूळ जेमतेम अडीच फुटी, डबा इतका हलतो की समोरच्याचा गुडघा सारखा तुमच्या गुडघ्याला लागतो. तक्रार करू नका. चार वर्षांपूर्वी ही गाडीसुद्धा नव्हती. पिशवीत बायबल सोसायटीचं मराठी बायबल आहे. पुस्तकं ६६.

नागपुरात सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये आज सर्व संतांचा सण. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाने आजसाठी पाठ नेमलाय तो शलमोनाच्या ज्ञानग्रंथातला. तुम्ही पानं चाळता. नीतिसूत्रं आहेत, उपदेशक आहे, ज्ञानग्रंथ नाहीच. अँग्लिकनांचा नियम असा, की ज्ञानग्रंथासारखी पुस्तकं बोधासाठी वाचावीत, त्यांवर सिद्धांत मात्र उभारू नये.

दुसऱ्या दिवशी सेंट फ्रान्सिस डी सेल्सच्या कॅथेड्रलमध्ये धर्मगुरूंच्या अंगावर काळी वस्त्रं, मृतांसाठी लॅटिनमधला मिस्सा. पितृपक्ष सरून तीनच आठवडे झालेत, तेव्हा गेलेल्यांसाठी काही करावं हे तुम्हाला कुणी समजवायला नको. कॅथलिक त्याला आधार देतात मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा: रणात पडलेल्या आपल्या माणसांच्या पापांसाठी यहूदा मक्काबी यरुशलेमला अर्पणाचे पैसे पाठवतो. ट्रेंटच्या परिषदेने ८ एप्रिल १५४६ रोजी हे पुस्तकही प्रमाण ठरवलं. कॅथलिकांची पुस्तकं ७३.

स्कॉटिश मिशनच्या हिस्लॉप कॉलेजात मात्र तुमची प्रत पूर्ण आहे. त्यांच्या मते जादाची पुस्तकं ही निव्वळ माणसांची लिखाणं. ती जुन्या ग्रीक भाषांतरात होती, यहुद्यांच्या हिब्रू संग्रहात नव्हती. भांडणाचं मूळ तिथे आहे.

पण तुमच्या प्रतीतून ती नागपुरात कुणी काढलेली नाहीत. त्यासाठी आणखी ८६ वर्षं मागे, लंडनला चला. युरोपातल्या कॅथलिकांसाठी बायबल सोसायटी अपॉक्रिफासह, म्हणजे या जादाच्या पुस्तकांसह, बायबलं छापायला मदत करते, म्हणून स्कॉटिश वर्गणीदार खवळलेत. १८२६ च्या मे महिन्यात ठराव होतो: अशा प्रतींवर पै खर्चायची नाही. (तरीही एडिंबरा आणि ग्लासगोवाले फुटलेच.) आपल्या एकनाथांनी पोथ्या ताडून ज्ञानेश्वरी शुद्ध केली, इथे वर्गणीचा हिशेबही बोलला, आणि मराठी वाचकाला कुणी विचारलं नाही.

त्यात सुसान्नाची गोष्टही गेली, याचं मला जास्त वाईट वाटतं. दोन प्रतिष्ठित वडीलधारी तिच्यावर व्यभिचाराचा आळ घेतात. सभा त्यांच्यावर विश्वास ठेवून तिला मरणाची शिक्षा सुनावते. पोरसवदा दानीएल मध्ये पडतो, दोघांना वेगवेगळं करतो आणि एकच प्रश्न विचारतो: कोणत्या झाडाखाली पाहिलंत? एक एका झाडाचं नाव घेतो, दुसरा भलत्याचंच. कुहीतल्या कुठल्याही पारावर ही गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला लावली असती. कॅथलिक बायबलात ती दानीएलाच्या तेराव्या अध्यायात आहे. तुमच्या प्रतीतला दानीएल बाराव्यालाच संपतो.