अंगणातली शाळा

गेल्या पावसाळ्यात पैनगंगेकाठच्या मेहकरला आमचे जाणे झाले. जवळच्या एका वस्तीत अंगणवाडीची पक्की खोली होती. मुले मात्र शेजारच्या ओट्यावर बसून बडबडगीत म्हणत होती. खोलीचे छप्पर गळू लागल्याने त्या घरच्या आजीबाईंनी ओटा दिला होता. सेविका संकोचून म्हणाल्या, “फादर, ही काही खरी अंगणवाडी नव्हे.” आम्हांस वाटले, खरी अंगणवाडी हीच.

ज्यांनी अंगणवाडीची कल्पना रुजविली त्या ताराबाई मोडक (१८९२-१९७३) याच वऱ्हाडात, अमरावतीस, काही वर्षे राहिल्या होत्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात त्या रमल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. तेथील प्रेरणा माँटेसोरीबाईंची. बाईंचे पहिले बालगृह रोममध्ये ६ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे तीन राजांच्या सणादिवशी, उघडले, तेही कष्टकऱ्यांच्या चाळीतच. मुलांना स्वच्छ करून पाठवावे आणि आईने आठवड्यातून एकदा शिक्षिकेला भेटावे, अशी पालकांना तेथे अटच होती. शाळा आणि घर यांच्यात एका जिन्याचेच अंतर!

भारतात मात्र माँटेसोरीची महाग साधने शहरी, सुखवस्तू घरांतील मुलांपुरती राहिली. ती खेड्यात न्यायची कशी? १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ (१९१०-१९९२) तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य आणि त्यानंतर जिद्दीने घेतलेले शिक्षण ही त्यांची शिदोरी. बालवाडी सजली, परंतु गरिबांच्या वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. तेव्हा या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच उचलून त्यांच्या अंगणात नेली. अंगण घरमालकाचे, शिंपले, खडे, बिया, पाने ही साधने गावातलीच. आधी आंघोळ, नखे कापणे, मग गाणी, आणि अक्षर त्यानंतर. आई कामे करता करता पाहत असे, त्यामुळे शाळा म्हणजे काय हे तिला कोणी व्याख्यान देऊन सांगावे लागले नाही.

१९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी हेच काम पुढे गेले. धाकटे भावंड कडेवर असल्याने मोठी मुलगी शाळेत येत नाही, हे ध्यानी येताच पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून ‘विकासवाडी’ केली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. पद्मभूषण, पद्मश्री पुढे आल्या. त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. आहार, लसीकरण, वजनाच्या नोंदी यांमुळे लेकरे जगली, हे ऋण मोठे. परंतु नाव घेताना अंगण मागे राहिले, असे आमचे मत आहे. शेजाऱ्याला वाटते, खोली सरकारची. तिचे छप्परही सरकारनेच पाहावे. आमच्या पॅरिशच्या बालवाड्यांतही पालक फाटकापाशीच थांबतात. तिथे सरकारकडे बोट दाखविण्याची सोय आम्हांस नाही.

निघताना आजीबाईंना विचारले, “छप्पर दुरुस्त झाल्यावर काय?” त्या हसून म्हणाल्या, “पोरं आली तं येऊ द्या. ओटा काय कुठी पळून चालला?”