चर्चमधली लग्नं, मृत्यूदर आणि २ हा आकडा

अमुक पदार्थाचा खप वाढला, तमुक आजारही वाढला, असा आलेख तुम्ही पाहिला असेल. दोन्ही रेषा सोबत चढतात आणि आपण एकीला कारण ठरवून मोकळे होतो. या सवयीवर जवळपास शंभर वर्षांपूर्वीच बोट ठेवलं गेलं आहे.

१९२६ साली उड्नी यूल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने इंग्लंड आणि वेल्सचे १८६६ ते १९११ चे आकडे मांडले. एकूण लग्नांत चर्च ऑफ इंग्लंडच्या पद्धतीने होणाऱ्या लग्नांचं प्रमाण घटत होतं. मृत्यूदरही घटत होता. दोहोंतला सहसंबंध निघाला ०.९५! (१ म्हणजे तंतोतंत मेळ.) मग चर्चमध्ये लग्न करणं जिवाला घातक होतं का? यूल यांनी अशा सहसंबंधांना सरळ 'निरर्थक' म्हटलं.

'काळ' हेच दोन्हींमागचं कारण, असं म्हणून सुटता येतं. यूल यांना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं अधिक मुळाशी जाणारं होतं. आपली नेहमीची गणितं प्रत्येक नोंद स्वतंत्र आहे असं धरून चालतात. पण यंदाचा मृत्यूदर गेल्या वर्षीच्या आसपासच असतो. ४६ वर्षं म्हणजे ४६ स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. एकमेकांचं ऐकून बोलणारे ते शेजारी आहेत.

हे ओळखायचं कसं? जेम्स डर्बिन आणि जेफ्री वॉटसन यांनी १९५० आणि १९५१ मध्ये 'बायोमेट्रिका'त त्याची चाचणी दिली. रिग्रेशनची रेषा काढल्यावर प्रत्येक वर्षी अंदाज किती चुकला ते पाहायचं. लागोपाठच्या दोन चुकांमधल्या फरकांच्या वर्गांची बेरीज करायची आणि तिला सगळ्या चुकांच्या वर्गांच्या बेरजेने भागायचं. उत्तर २ च्या आसपास आलं तर शेजारच्या चुकांचा आपसात संबंध दिसत नाही. ० कडे झुकलं तर त्या एकमेकींना चिकटलेल्या आहेत. ४ कडे गेलं तर आलटूनपालटून वर-खाली होत आहेत. नेमकी सीमारेषा प्रत्येक माहितीसंचानुसार बदलते, म्हणून त्यांच्या तक्त्यांत दोन सीमा होत्या आणि मधल्या पट्ट्यात 'निर्णय नाही'. हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो.

आज एसपीएसएसमध्ये एका चौकटीत टिक केली की हा आकडा छापून येतो; 'आर'मध्ये एक ओळ पुरते. मात्र सॉफ्टवेअर ओळींचा क्रम जसा दिला तसाच धरतं. रुग्णांची यादी आडनावाप्रमाणे लावली असेल तरी ते निमूटपणे १.९८ छापेल, आणि त्याला काहीच अर्थ नसेल. शिवाय ही चाचणी फक्त लगतचा शेजारी बघते. डेंग्यूच्या मासिक आकड्यांत यंदाच्या ऑगस्टची चूक गेल्या ऑगस्टसारखी असू शकते; ते हिला दिसत नाही. त्यासाठी १९७८ ची ब्रॉइश-गॉडफ्री चाचणी वापरतात.

आणि एकाच रुग्णाचं बीपी दहा वेळा मोजलं तर ते दहा रुग्ण होत नाहीत. तिथे डर्बिन-वॉटसनचा आकडा पाहत बसू नये. कोणती नोंद कोणत्या रुग्णाची हे लक्षात घेणारी रिग्रेशनची वेगळी पद्धतच वापरावी लागते.