सातपुड्याचा ‘शोध’ आणि आधीपासून तिथे असलेली माणसं

इतिहासाच्या पुस्तकात ‘अमक्याने शोध लावला’ असं वाक्य आलं की आपण पुढे वाचत जातो. आज तिथे जरा थांबू.

ऑस्ट्रेलियाच्या ऐन मध्यावर, वाळवंटात, तांबड्या खडकाचा एक प्रचंड डोंगर उभा आहे. 1873 साली विल्यम गॉस हा सर्वेक्षक तिथे पोचला आणि त्याने त्याला आपल्या वसाहतीच्या मंत्र्याचं नाव देऊन टाकलं, एअर्स रॉक. त्याच्याबरोबर वर चढला तो कामरान नावाचा उंटवाला. त्या काळात तिकडे उंट आणि उंटवाले जात ते कराची बंदरातून, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं बरं का! तिथले आदिवासी, अनंगू लोक, या डोंगराला पिढ्यान् पिढ्या उलुरू म्हणत आले होते. 1985 साली ती जमीन त्यांना परत मिळाली. डोंगरावर चढणं मात्र बंद झालं थेट 2019 मध्ये.

आपल्याकडे तसं वाळवंट नाही. पण हीच गोष्ट सातपुड्यात, पचमढीच्या महादेव डोंगरांत घडली. कॅप्टन जेम्स फोर्साईथ 1862 साली तिथे गेला, त्याने बंगला बांधला, पुढे पुस्तक लिहिलं, आणि ‘पचमढी शोधणारा’ म्हणून त्याचं नाव झालं. आता तारखा बघा. नागपूरचे आप्पासाहेब भोसले 1818 साली इंग्रजांच्या कैदेतून निसटले आणि याच डोंगरांत गोंडांच्या आश्रयाला राहिले. त्यांच्या मागावर इंग्रजी फौजाही शिरल्या होत्या. 1858 साली तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यातूनच मुलताईकडे गेले. विदर्भातले भाविक खांद्यावर त्रिशूळ घेऊन महाशिवरात्रीला चौरागडावर चढतात, तेही याच डोंगरात. मग शोध कसला लागला? खरं सांगायचं तर सरकारला जंगलाचा हिशेब हवा होता. रेल्वे येत होती, स्लीपरांना लाकूड लागत होतं. फोर्साईथने गोंड-कोरकूंबद्दल लिहिलंय, अगदी भरपूर लिहिलंय. पण झाडं तोडून-जाळून केलेली त्यांची डोंगरउतारावरची शेती ही सरकारी नजरेला जंगलाची नासाडीच दिसली.

नावांचंही तेच झालं. पचमढीच्या परिसरात चित्रं असलेल्या दगडी गुहा आहेत. पोळ्यातून मध काढणारी माणसं, धनुष्यं, नाच, घोडेस्वार, सगळं त्या चित्रांत आहे. त्यातल्या एका गुहेत 1930 च्या दशकात जी. आर. हंटर यांनी उत्खनन केलं आणि गारगोटीची बारीक हत्यारं मिळाली. त्या गुहेचं नाव काय, तर डोरोथी डीप! उद्या कोणी बाहेरचा येऊन कृष्णेवरच्या आपल्या घाटाला परक्या बाईचं नाव लावून गेला, तर कुरुंदवाडकर गप्प बसतील का?

अलीकडचं उदाहरण जास्त बरं आहे. 2007 साली अमरावतीचे डॉ. विजय इंगोले आणि त्यांचे सहकारी महाराष्ट्राच्या सीमेलगत, बैतूल जिल्ह्यातल्या धारूळच्या डोंगरात भटकत होते. तिथे त्यांना अशीच चित्रं दिसली. त्या गुहा आज ओळखल्या जातात अंबादेवीच्या नावाने. ते तिथलंच नाव आहे.

ही सगळी चित्रं कोरकूंच्याच पूर्वजांनी काढली, असं आपण म्हणत नाही. तसा पुरावा लागतो. पण कोरकू हा शब्द त्यांच्या भाषेत नुसता ‘माणसं’ असा आहे, आणि ती भाषा मराठीच्या किंवा गोंडीच्या नात्यातली नाही, तर झारखंडच्या मुंडारीच्या कुळातली आहे. माणूस गेला की त्याच्या नावाने ते सागाची कोरीव फळी उभी करतात, तिला मंडा म्हणतात. तिच्यावर घोडेस्वार, सूर्य, चंद्र कोरलेले असतात. आपल्या कोल्हापूर भागातले वीरगळ आठवा, त्यांच्यावरही चंद्र-सूर्य आहेतच.

हेच कोरकू आपल्या राज्यात मेळघाटात राहतात. 1974 च्या सुमारास तिथे व्याघ्र प्रकल्प आला, आणि पुढे आतली काही गावं बाहेर हलवली गेली. घराचे पैसे मोजता येतात, शेतीचेही येतात. पण वाडवडिलांचे मंडे ज्या झाडाखाली उभे आहेत, त्या जागेसाठी पुनर्वसनाच्या कागदावर रकाना कुठला? 2006 च्या वनहक्क कायद्यात परंपरेने चालत आलेले हक्क मागायची वाट आहे, पण ती मागायची तर जागा दाखवावी लागते, नकाशावर खूण करावी लागते, जुनी माणसं साक्षीला आणावी लागतात. जुनी माणसं आहेत तोवर हे काम व्हायला हवं, आणि ते कोरकू भाषेत व्हायला हवं.

बोला, आता तुमचे प्रश्न घेऊ.