परकर-पोलकं म्हणजे काय? आणि घरातलं जुनं कसं जपायचं?

परकर म्हणजे घोट्यापर्यंतचा घेरदार घागरा, पोलकं म्हणजे वरचा झंपर. लहान मुलींचा हा पोशाख बरेचदा आई-आजीच्या जुन्या काठपदराच्या साडीतून शिवला जायचा. पोलकं अनेकदा खणाचं. खणासाठी कर्नाटकातलं गुळेदगुड्ड प्रसिद्ध. खरी हुशारी परकराच्या आतल्या दुमडीत असे. मुलगी उंच झाली की टाके उसवून परकर खाली सोडायचा. आईचा परकर घरात असेल तर ती रेघ शोधा; खालच्या पट्ट्याचा रंग अजून गडद दिसेल. (नव्या रेडीमेडमध्ये ही रेघ मिळत नाही.) परकर धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळा, डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका. अधूनमधून घडी बदला, कारण रेशीम घडीवरच आधी विरतं.