बैजू, गालिब, तानसेन आणि भारतभूषण

कवी किंवा गवई म्हटलं की एका पिढीच्या डोळ्यांसमोर हिंदी पडद्यावरचा एकच चेहरा उभा राहायचा. भारतभूषण. १९५२ मध्ये तो बैजू झाला, १९५४ मध्ये मिर्झा गालिब, १९५९ मध्ये कालिदास आणि १९६२ मध्ये तानसेन. बैजू होऊन ज्या तानसेनाला हरवलं, दहा वर्षांनी तोच तानसेन त्याला व्हावं लागलं! एवढे थोर लोक एका नटाच्या वाट्याला आले. तरीही दिलीपकुमार, राज कपूर, देव आनंद ही नावं घेऊन झाली की आपण थांबतो. भारतभूषण आठवावा लागतो. गाणं लागलं की मात्र तो आपोआप आठवतो.

मेरठचा हा तरुण, जन्म १९२० चा. केदार शर्मांच्या १९४१ च्या 'चित्रलेखा'त तो पहिल्यांदा दिसला. पुढची दहा-अकरा वर्षं तशी धडपडीचीच गेली. मग विजय भट्टांचा 'बैजू बावरा' आला. नौशादचं संगीत, शकील बदायुनींची गीतं, रफीचा आवाज आणि समोर मीनाकुमारी. आधी दिलीपकुमारचा विचार झाला होता, असं सांगतात. झाला असेलही. पण दिलीपकुमारचा बैजू गाण्याच्या पुढे उभा राहिला असता. भारतभूषण गाण्याच्या मागे उभा राहिला.

हे मी कौतुकाने म्हणतोय. त्याचा चेहरा दगडी आहे, अशी टीका त्याच्यावर कायम झाली. ती अगदीच खोटी नाही. रागावला काय, विरहात जळला काय, भुवया फारशा हलायच्या नाहीत. संवाद म्हणताना तो पुष्कळदा धडा वाचल्यासारखा म्हणे. पण गाणं सुरू झालं की हाच संथपणा उपयोगी पडे. 'बैजू बावरा'तली अकबराच्या दरबारातली जुगलबंदी आठवा. तानसेनासाठी उस्ताद अमीर खाँ गायले आणि बैजूसाठी आपल्या नाशिकला जन्मलेले दत्तात्रेय विष्णू पलुस्कर. अशा आवाजांखाली नटाने हातवारे करायचे नसतात. मुशायऱ्यात दुसरा शायर वाचत असतो तेव्हा नीट ऐकणं ही एक अदब असते. भारतभूषणला ती अदब होती.

'बसंत बहार' १९५६ चा. दिग्दर्शक राजा नवाथे, म्हणजे आपलाच माणूस. त्यात पंडित भीमसेन जोशी आणि मन्ना डे यांची स्पर्धा आहे. कथेप्रमाणे भारतभूषणचा, म्हणजे मन्नादांचा, विजय व्हायचा होता. भीमसेनांना आपण हरवायचं, या कल्पनेनेच मन्नादांना घाम फुटला होता. हा किस्सा ते स्वतःच सांगत. पडद्यावरचा विजेता मात्र शांत बसलेला दिसतो.

माझ्या लेखी त्याचं सर्वांत मोठं काम 'मिर्झा गालिब'. कथा मंटोची, पण चित्रपट पडद्यावर आला तेव्हा मंटो लाहोरला होता. संवाद राजिंदरसिंग बेदींचे, दिग्दर्शन सोहराब मोदींचं, सोबत सुरैया. पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला मिळालं, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच्या पुढच्या वर्षीचं पदक या 'मिर्झा गालिब'ला मिळालं. आमच्या घरी गालिब पोथीसारखा कपाटात होता, आणि सेतुमाधवराव पगडींनी त्याला मराठीत आणल्यावर मला तो वाचता आला. पण माझ्या अम्मीसारख्या ज्यांना उर्दू फक्त ऐकून कळायची, त्यांना गालिबचा चेहरा दिला तो मेरठच्या या गुप्तांच्या मुलाने. दूरदर्शनवर तो चित्रपट लागला की ती म्हणायची, "मिर्झासाब आले." नटाचं नाव तिने कधी घेतलं नाही.

१९५५ मध्ये 'श्री चैतन्य महाप्रभू'साठी त्याला फिल्मफेअरचं उत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. मग पौराणिक, ऐतिहासिक, संगीतप्रधान चित्रपटांची रांग लागली. त्यातले काही चालले, पुष्कळ पडले. १९६० चा 'बरसात की रात' हा शेवटचा मोठा बहर. निर्माता त्याचाच भाऊ आर. चंद्रा. रोशनच्या कव्वाल्या, साहिरचे शब्द आणि मधुबाला. त्यातला नायक अमन हैदराबादी हा शायर आपली कविता रेडिओवर गातो आणि नायिका ती घरी बसून ऐकते. रेडिओवर बोलताना मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही!

पुढच्याच वर्षी शम्मी कपूरचा 'जंगली' आला. नायक बर्फात लोळू लागला, पडदा रंगीत झाला. तंबोरा घेऊन बसलेल्या नायकाची गरज संपली. १९६४ मध्ये दोन फटके बसले. 'जहाँआरा' मदनमोहनच्या गझलांसह पडला, आणि त्याने स्वतः काढलेला 'दूज का चाँद'ही चालला नाही. बंगला, गाड्या गेल्या. वाचनाचं त्याला वेड होतं आणि पुस्तकांचा मोठा संग्रह होता. तोही विकावा लागला. त्याच्या बंगल्याची भुताटकीसह एक कहाणी सांगितली जाते, तिच्यावर माझा फारसा विश्वास नाही. पुस्तकं विकण्याचं दुःख मात्र मला कळतं.

मग चरित्र भूमिका. १९६९ च्या 'प्यार का मौसम'मध्ये तो शशी कपूरचा बाप झाला. त्यातलं गाजलेलं गाणं दोघांनाही आहे. पण आता रफीचा आवाज मुलाला मिळाला आणि बापाला किशोरकुमारचा. पुढे तर भूमिका इतक्या लहान होत गेल्या की श्रेयनामावलीत नाव शोधावं लागे. सांताक्रूझच्या बसथांब्यावर एकटा, कोणी न ओळखणारा भारतभूषण दिसल्याची आठवण अमिताभ बच्चन यांनी लिहून ठेवली आहे. मुंबईच्या बसच्या रांगेत कोणी कोणाकडे पाहत नाही, हेही खरं.

२७ जानेवारी १९९२ रोजी तो मुंबईत वारला. त्याआधी, १९८१ मध्ये मुजफ्फर अलींनी त्याला 'उमराव जान'मध्ये बोलावलं होतं. अमीरनला गाणं शिकवणारे खाँसाहेब, भूमिका एवढीच. तालीम सुरू होते, रागमाला चालू होते, मुलगी मोठी होते. आवाज उस्ताद गुलाम मुस्तफा खाँ यांचा. चेहरा नेहमीसारखा स्थिर आहे, फक्त दाढी पिकलेली.