प्रतबंदी

१८३६ साली इंदापूर तालुक्यापासून आरंभ झालेली इंग्रजी जमाबंदीची पाहणी पुढे पुणे जिल्हाभर फिरली, तेव्हा जुन्नर तालुक्यातील निमगाव सावासारख्या गावांच्या जमिनीची प्रतही, शेत कोणाचे यावरून नव्हे, तर माती कोणत्या रंगाची व किती हात खोल या कसोटीवर, आण्यांच्या हिशेबाने ठरू लागली. नाव बाजूस सारून गुणावरून केलेली अशी प्रतबंदी गणितशास्त्रातील एका प्रांतात मात्र बरीच उशिरा अवतरली.

तेथे परस्परलंब बहुपदींची कुळे प्रथम पुरुषांच्या नावांनीच ओळखली जात: लजांद्र, याकोबी, एर्मीत, लागेर. एका कुळातील कोणत्याही दोन भिन्न बहुपदींच्या गुणाकाराला नेमून दिलेल्या भाराने गुणून ठरलेल्या पल्ल्यावर संकलन केले, तर उत्तर शून्य येते. सबब भार बदलला की कुळ बदलते. मर्यादित पल्ल्यावर सर्वत्र सारखा भार ठेवला तर लजांद्रचे कुळ निघते, घंटेच्या आकाराने दोहों बाजूंस ओसरणारा ठेवला तर एर्मीतचे. अशा भारांना अंत नाही. परंतु ज्यांतील प्रत्येक बहुपदी एकाच साच्याच्या द्वितीय कोटीच्या अवकल समीकरणाला उतरते अशी कुळे सालोमन बोखनर यांनी १९२९ साली चाळून पाहिली, तेव्हा धन भाराची केवळ तीनच शिल्लक राहिली, याकोबी, लागेर व एर्मीत. आणि लजांद्रचे स्वतंत्र दिसणारे घराणे याकोबीच्या वतनात सामील झाले.

त्याच वर्षी हार्वर्डची पदवी घेऊन बाहेर पडलेले, गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असता, १९४३ साली, त्यांनी हा प्रश्नच उलटा फिरविला: भार आधी नेमून कुळ काढण्याऐवजी, यदृच्छेने बदलणाऱ्या वक्रांच्या समूहालाच आपली परस्परलंब फलने कोणती हे ठरवू द्यावे. कार्हुनेन व लोएव्ह यांच्या नावांनी आज रूढ असलेली ही रीत कोसंबींनी त्या दोघांच्या आधी छापली होती.

याच गृहस्थांनी चांदीची आहत नाणी हजारोंनी तराजूत घालून, हातोहात फिरताना झिजून उणावलेल्या वजनावरून त्यांचा कालक्रम लावला. जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटातील सातवाहन शिलालेखात यज्ञाची दक्षिणा म्हणून ज्या कार्षापणांचे आकडे कोरलेले आहेत, त्याच जातीची ही नाणी. त्यांच्यावर चिन्हे असतात, राजाचे नाव नसते; वय सांगते ते वजनच.