विधुर मिशनरी आणि लोकप्रिय लेखिका

गॉर्डन हॉल यांचे नाव नाशिक जिल्ह्याशी कायमचे निगडित झाले आहे. १८१३ साली मुंबईस येऊन अमेरिकन मराठी मिशनचा पाया घालणारे हे प्रॉटेस्टंट मिशनरी १८२६ च्या मार्चमध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या प्रवासात पटकीने मरण पावले. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम येथे त्यांच्याबरोबर ज्या तरुणांना धर्मसेवेची दीक्षा मिळाली, त्यांत अडोनायरम जडसन हेही होते. कलकत्त्यास उतरल्यावर जडसन बॅप्टिस्ट पंथात गेले. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना तेथे राहू दिले नाही आणि १८१३ साली ते रंगूनला पोहोचले. त्यांच्या मिशनकार्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस येथे लिहावयाचे आहे ते त्यांच्या उतारवयातील विवाहाविषयी.

ब्रह्मदेशात जडसन यांच्या वाट्यास दुःखच अधिक आले. १८२४ साली इंग्रजांशी युद्ध सुरू होताच ब्रह्मी राजाने त्यांना हेर समजून बेड्या ठोकल्या. पत्नी अ‍ॅनबाईंनी तुरुंगाच्या दारी खेपा घालून त्यांना जगविले आणि १८२६ मध्ये त्या स्वतःच निवर्तल्या. शोकाने खचलेले जडसन जंगलात झोपडी बांधून राहिले. स्वतः खणलेल्या कबरीच्या काठी बसून ते मृत्यूचे चिंतन करीत. मादाम ग्वीयों या फ्रेंच कॅथलिक लेखिकेच्या आध्यात्मिक ग्रंथांचा त्यांच्या मनावर मोठा पगडा होता. १८३४ साली त्यांनी संपूर्ण बायबलाचे ब्रह्मी भाषांतर पुरे केले आणि त्याच वर्षी सारा बोर्डमन या मिशनरीच्या विधवेशी विवाह केला. आजारी साराबाईंना घेऊन ते १८४५ मध्ये अमेरिकेस निघाले असता १ सप्टेंबर रोजी सेंट हेलेना बेटाच्या बंदरात त्याही गेल्या.

तेहतीस वर्षांनी मायदेशी परतलेल्या या विधुराचा घसा इतका बसला होता की, सभेत ते कुजबुजत आणि शेजारी उभा असलेला गृहस्थ त्यांचे शब्द मोठ्याने सांगे. तरीही गर्दी लोटे. लोकांनी त्यांना जिवंतपणीच संत करून टाकले होते.

त्याच डिसेंबरमध्ये फिलाडेल्फियाच्या प्रवासात एका सहप्रवासी पाळकाने त्यांच्या हाती एक खुसखुशीत पुस्तक ठेवले. लेखिका होती फॅनी फॉरेस्टर. खरे नाव एमिली चबक. दारिद्र्यामुळे लहानपणीच लोकरीच्या गिरणीत राबलेली ही मुलगी पुढे शिक्षिका झाली आणि १८४४ पासून मासिकांतील हलक्याफुलक्या कथांमुळे तिचे टोपणनाव घरोघरी पोहोचले. अशी लेखणी अधिक चांगल्या कामी लागावी, असे जडसन यांना वाटले. साराबाईंचे चरित्र लिहून देण्याची विनंती करण्यासाठी ते तिला भेटले आणि जानेवारी संपण्यापूर्वीच दोघांचा विवाह ठरला. ते सत्तावन्न वर्षांचे, ती अठ्ठावीस वर्षांची.

दोन्हीकडून टीकेची झोड उठली. श्रद्धाळू मंडळी म्हणाली, कथा लिहिणारी बाई मिशनरीची पत्नी कशी शोभेल? साहित्यप्रेमी म्हणाले, एवढी प्रतिभा एका म्हाताऱ्यापायी परदेशात वाया जाणार! साराबाईंच्या मृत्यूला पाच महिनेही झाले नव्हते. ही घाई आम्हांसही खटकते. परंतु टीकाकारांच्या मनात जडसन हे वेदीवरचा पुतळा होते आणि एमिली ही करमणुकीची वस्तू. पुतळ्याला एकटेपणा वाटत नाही, आणि करमणुकीच्या वस्तूला देवाची ओढ नसते, असे त्यांनी गृहीत धरले.

२ जून १८४६ रोजी विवाह झाला व जुलैत दोघे ब्रह्मदेशास निघाले. मौलमेनला मागे राहिलेल्या दोन लहान मुलांना एमिलीबाईंनी पोटाशी धरले. त्यांपैकी एडवर्ड यांनीच पुढे, १८८३ मध्ये, वडिलांचे चरित्र प्रसिद्ध केले. साराबाईंचे चरित्र एमिलीबाईंनी लिहून दिले व ते १८४८ मध्ये निघाले. ज्या बाईची जागा घेतली, तिचीच स्मृती या पत्नीने जपली. टीकाकारांना याहून चांगले उत्तर आम्हांस सुचत नाही.

संसार चारच वर्षांचा ठरला. १८५० च्या एप्रिलमध्ये हवापालटासाठी निघालेले जडसन १२ तारखेस जहाजावरच वारले आणि समुद्रातच त्यांना मूठमाती मिळाली. गरोदर एमिलीबाई मागे राहिल्या होत्या. दहा दिवसांनी झालेले मूलही वाचले नाही. पतीच्या मृत्यूची वार्ता त्यांना कित्येक महिन्यांनी कळली. अमेरिकेस परतून त्यांनी जडसन यांच्या चरित्रकारास साहाय्य केले आणि १ जून १८५४ रोजी क्षयाने देह ठेवला.

विवाहबंधन मृत्यूने सुटते, असे आपली ख्रिस्तसभा शिकवते. विधवेने प्रभूमध्ये पुन्हा विवाह करण्यास संत पौलाने करिंथकरांस लिहिताना मोकळीक दिली आहे. आमच्या पेठ-सुरगाणा भागातील आदिवासी समाजांत पाटाची चाल पूर्वापार आहे. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. शिकलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत मात्र पन्नाशीतला विधुर विवाहासाठी धर्मगुरूकडे आला की, चर्चच्या अंगणात कुजबुज सुरू होते. मुलांचे काय, हा प्रश्न रास्त आहे. तो विचारलाच पाहिजे. लोक काय म्हणतील, हा प्रश्न तसा नाही. ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेल्या आम्हांस एकांतात प्रार्थनेची सोबत असते, पण ती वाट आम्ही स्वखुशीने पत्करली आहे. ज्याच्यावर ती मृत्यूने लादली, त्याने आमच्याप्रमाणेच राहावे, असा आग्रह आपण कोणत्या अधिकाराने धरावा?